पुस्तकांच्या बांधणीपासून बलरेषांपर्यंत

शालान्त परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्यांच्या विज्ञानाच्या पुस्तकात वीज, चुंबकत्व आणि प्रकाश हे विषय वेगवेगळे शिकवले जातात. विजेच्या प्रकरणात रोध, विभवांतर आणि धारा यांची उदाहरणे सोडवायची, चुंबकत्वात उजव्या हाताच्या अंगठ्याचा नियम आणि फ्लेमिंगचे दोन नियम पाठ करायचे, प्रकाशात भिंगांच्या किरणाकृती काढायच्या, असा हा वर्षभराचा सराव. परीक्षेच्या दृष्टीने ही विभागणी सोयीची असली, तरी निसर्गात या गोष्टी एकमेकींपासून अलग नाहीत. हे प्रयोगाच्या मेजावर दाखवून देण्याचा मोठा वाटा ज्याचा होता, तो माणूस कोणत्याही महाविद्यालयात शिकलेला नव्हता आणि त्याचे गणित अंकगणिताच्या फारसे पलीकडे गेलेले नव्हते. मायकेल फॅरडे हे त्याचे नाव. एकोणिसाव्या शतकाने जे थोर प्रयोगशास्त्रज्ञ जगाला दिले, त्यांत त्याचे स्थान अग्रभागी आहे.

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनच्या दक्षिणेकडील न्यूइंग्टन बट्स येथे झाला. वडील जेम्स हे लोहार. उत्तर इंग्लंडमधले आपले गाव सोडून कामधंद्यासाठी ते राजधानीत आले होते. पण प्रकृतीने त्यांना कधीच साथ दिली नाही. चार भावंडांत मायकेल तिसरा. १८०१ साली धान्य विलक्षण महागले, तेव्हा आई त्याच्या वाट्याला आठवडाभरासाठी पावाची एक लादी देत असे आणि ती सात दिवस पुरवणे ही त्या दहा वर्षांच्या मुलाची जबाबदारी असे. शिक्षण म्हणाल तर लिहिणे, वाचणे आणि हिशेब, एवढेच. हे कुटुंब सँडेमनियन नावाच्या एका छोट्या ख्रिस्ती पंथाचे होते. साधेपणाने राहावे, संपत्तीचा संचय करू नये, ही त्या पंथाची शिकवण. फॅरडेच्या पुढील आयुष्यातील अनेक निर्णयांचे मूळ या संस्कारात सापडते.

तेराव्या वर्षी मायकेल ब्लँडफोर्ड स्ट्रीटवरील जॉर्ज रिबो या फ्रेंच वंशाच्या पुस्तकविक्रेत्याकडे पोऱ्या म्हणून लागला. त्या काळी वर्तमानपत्र विकत घेणे सर्वांना परवडत नसे. रिबो ती वाचायला भाड्याने देत. ती घरोघर पोचवायची आणि वाचून झाली की परत आणायची, हे मायकेलचे काम. वर्षभराने रिबो यांनी त्याला पुस्तकबांधणीच्या उमेदवारीवर घेतले. मुदत सात वर्षांची. बांधणीला आलेली पुस्तके हा मुलगा आधी वाचून काढी. ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’च्या एका खंडातील विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट या लेखिकेचे संवादरूपात लिहिलेले रसायनशास्त्राचे पुस्तक या दोहोंनी त्याला झपाटून टाकले. मात्र नुसत्या वाचण्याने त्याचे समाधान होत नसे. छापलेले खरे आहे की नाही हे स्वतः करून पाहिल्याखेरीज त्याला चैन पडत नसे. अर्ध्या पेनीची नाणी, जस्ताच्या चकत्या आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागद यांची चवड रचून त्याने घरच्या घरी विजेची बॅटरी तयार केली. एका सार्वजनिक विज्ञान-व्याख्यानमालेला तो जाऊ लागला. प्रत्येक व्याख्यानाची एक शिलिंग फी त्याचा लोहारकाम करणारा थोरला भाऊ रॉबर्ट भरत असे.

१८१२ साल उजाडले. उमेदवारी संपत आली होती आणि जन्मभर बांधणीच्या चिमट्याशी खेळण्याची कल्पना मायकेलला नकोशी झाली होती. त्या वर्षी रिबो यांच्या विल्यम डान्स नावाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधील हम्फ्री डेव्ही यांच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. डेव्ही म्हणजे तेव्हाचे युरोपातील अग्रगण्य रसायनशास्त्रज्ञ. सज्जात बसून मायकेलने प्रत्येक शब्द टिपून घेतला, घरी येऊन आकृत्यांसह सविस्तर उतरवून काढला आणि सुमारे तीनशे पानांचा तो ग्रंथ स्वतःच्या हाताने सुबक बांधला. विज्ञानाच्या सेवेत कोणतेही काम द्यावे, असे पत्र त्याने आधी रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना धाडले होते. त्याला उत्तर आले नाही. आता डिसेंबरमध्ये त्याने डेव्ही यांना पत्र लिहिले आणि सोबत तो बांधलेला ग्रंथ पाठवला. डेव्ही यांनी त्याला भेटीस बोलावले. पण हातातला धंदा सोडू नये, असाच सल्ला दिला. पुढे काही आठवड्यांतच प्रयोगशाळेतील मदतनीस भांडणाच्या कारणावरून बडतर्फ झाला आणि त्या जागी १ मार्च १८१३ रोजी मायकेलची नेमणूक झाली. पगार आठवड्याला २५ शिलिंग, राहायला वरच्या मजल्यावर दोन खोल्या, शिवाय कोळसा आणि मेणबत्त्या. पुढील सुमारे ४५ वर्षे ही वास्तू हेच फॅरडे यांचे घर होते.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात डेव्ही पतिपत्नी युरोपच्या दौऱ्यावर निघाली. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात युद्ध चालू असताना नेपोलियनच्या खास परवान्यावर हा प्रवास झाला. ऐन वेळी डेव्हींच्या खासगी नोकराने यायला नकार दिल्याने ते कामही तरुण फॅरडे यांच्या गळ्यात पडले. लेडी डेव्ही त्यांना नोकराप्रमाणेच वागवीत आणि तो अपमान त्यांना फार लागला. पण या दीड वर्षात त्यांनी जे पाहिले ते कोणत्याही विद्यापीठात मिळाले नसते. पॅरिसमध्ये अँपिअर, मिलानमध्ये वयोवृद्ध व्होल्टा यांची गाठ पडली. फ्लॉरेन्समध्ये प्रचंड भिंगाने सूर्यकिरण एकवटून डेव्ही यांनी हिरा जाळला आणि तो शुद्ध कार्बनच असल्याचे दाखवले, तेव्हा फॅरडे त्यांच्या शेजारी उभे होते. पाठ्यपुस्तकात आज ज्यांची नावे एककांना दिलेली दिसतात, ती माणसे त्यांनी हाडामांसाची पाहिली.

१८२० साली डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांनी एक अद्भुत गोष्ट प्रसिद्ध केली. तारेतून विजेचा प्रवाह गेला की जवळची चुंबकसूची विचलित होते. युरोपभर प्रयोगांची झुंबड उडाली. पुढच्या वर्षी एका नियतकालिकाच्या संपादकांनी या सगळ्या संशोधनाचा आढावा घेण्याची विनंती फॅरडे यांना केली. लेख लिहायचा तर त्यातला प्रत्येक प्रयोग आपण करून पाहिला पाहिजे, ही त्यांची जुनी खोड. हे प्रयोग करताना त्यांच्या ध्यानात आले की चुंबकसूचीवरचा परिणाम ओढण्याचा किंवा ढकलण्याचा नसून गोल फिरवण्याचा आहे. ३ सप्टेंबर १८२१ रोजी त्यांनी एका भांड्यात पारा घेऊन त्यात चुंबक उभा रोवला, वरून एक तार सैल टांगून तिचे टोक पाऱ्यात बुडवले आणि प्रवाह सुरू केला. तार चुंबकाभोवती प्रदक्षिणा घालू लागली. विजेपासून सलग गती मिळवण्याचा हा पहिला प्रयोग. आपल्या डोक्यावर फिरणाऱ्या पंख्याची वंशावळ मागे नेत गेले की पाऱ्याच्या त्या भांड्यापाशी येऊन थांबते.

या यशापाठोपाठ मनस्तापही आला. विल्यम वोलस्टन या ज्येष्ठ शास्त्रज्ञांनी त्याच वर्षी डेव्ही यांच्यासमवेत तार स्वतःभोवती फिरवण्याचा प्रयत्न केला होता आणि तो फसला होता. फॅरडे यांनी घाईने प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्याचा उल्लेख नव्हता. दोन्ही प्रयोग वेगळे होते, तरी लोहाराच्या पोराने मोठ्यांची कल्पना चोरली, अशी कुजबुज सुरू झाली. विज्ञानाच्या जगात ज्याच्याजवळ घराणे, पदवी आणि पैसा यांपैकी काहीच नाही, त्याच्याजवळ प्रामाणिकपणाची पत तेवढी असते. तीच आता पणाला लागली. वोलस्टन यांनी मोठ्या मनाने वाद वाढवला नाही. परंतु १८२४ साली रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी फॅरडे यांचे नाव पुढे आले, तेव्हा सोसायटीचे अध्यक्ष असलेल्या डेव्ही यांनीच त्याला विरोध केला. गुप्त मतदानात विरुद्ध मत एकच पडले आणि फॅरडे निवडून आले. ज्यांनी हात धरून वर आणले त्यांनीच वाट अडवावी, हे दुःख त्यांनी मनातच ठेवले. डेव्हींविषयी त्यांनी पुढेही कृतज्ञतेनेच लिहिले.

विजेपासून चुंबकत्व मिळते, तर चुंबकापासून वीज का मिळू नये, हा प्रश्न त्यांना सोडत नव्हता. १८२४ पासून त्यांनी अधूनमधून प्रयत्न केले आणि प्रत्येक वेळी हाती शून्य आले. यादरम्यान दुर्बिणींसाठी उत्तम काच बनवण्याच्या एका सरकारी कामात त्यांची कित्येक वर्षे गेली. भट्टीच्या धगीत केलेल्या त्या परिश्रमांतून अपेक्षित फळ निघाले नाही. मात्र दोन गोष्टी मागे उरल्या. एक म्हणजे त्या भट्टीसाठी नेमलेले माजी सैनिक सार्जंट अँडरसन, जे पुढे मरेपर्यंत त्यांचे मदतनीस राहिले. आणि दुसरी म्हणजे शिशाचे प्रमाण भरपूर असलेल्या जड काचेचे काही तुकडे.

२९ ऑगस्ट १८३१ या दिवशी अखेर दार उघडले. मऊ लोखंडाची सहा इंच व्यासाची कडी घेऊन फॅरडे यांनी तिच्या दोन बाजूंवर तांब्याच्या तारेची दोन स्वतंत्र वेटोळी गुंडाळली. प्लास्टिकच्या आवरणाची तार तेव्हा नव्हती. वेढ्यावेढ्यांत सुतळी आणि थराथरांत कापड घालून ती एकमेकींपासून विलग ठेवावी लागली. एक वेटोळे बॅटरीला जोडायचे होते. दुसऱ्याची तार तीन फुटांवरील चुंबकसूचीवरून नेली होती. बॅटरी जोडताक्षणी सूची थरथरली आणि पुन्हा जागेवर आली. प्रवाह चालू असेपर्यंत ती स्तब्ध राहिली. बॅटरी तोडताच पुन्हा हलली. आधीची सगळी वर्षे आपल्यासह सारेच जण अखंड टिकणारा परिणाम शोधत होते आणि परिणाम तर केवळ बदलाच्या क्षणी होत होता, हे त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. १७ ऑक्टोबरला त्यांनी तारेच्या पोकळ वेटोळ्यात नुसता पट्टीचुंबक सरकवला. चुंबक आत जाताना गॅल्व्हानोमीटरचा काटा एकीकडे झुकला, बाहेर येताना दुसरीकडे. चुंबक स्थिर असताना काहीच नाही. २८ ऑक्टोबरला रॉयल सोसायटीच्या मोठ्या चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तांब्याची चकती फिरवून त्यांनी सलग वाहणारा प्रवाह मिळवला. कडीच्या रूपाने रोहित्र आणि चकतीच्या रूपाने जनित्र, विजेच्या युगाचे हे दोन आधारस्तंभ दोन महिन्यांत उभे राहिले.

हे सारे घडत असताना वेटोळ्याच्या आणि चुंबकाच्या मधल्या रिकाम्या जागेत काय चालले आहे, याचा विचार फॅरडे करीत होते. कागदावर लोहकीस पसरून खालून चुंबक धरला की लोखंडाचे कण वक्र रेषांत मांडले जातात, हे सर्वांनीच पाहिले होते. इतरांच्या लेखी ती गंमत होती. फॅरडे यांना मात्र त्या रेषांमध्ये निसर्गाची खरी मांडणी दिसली. तार या बलरेषांना छेदते तेव्हा तिच्यात वीज प्रवर्तित होते. जितक्या रेषा, जितक्या वेगाने छेदल्या जातील, तितका परिणाम अधिक. पुस्तकातला प्रवर्तनाचा नियम त्यांनी असा चित्ररूपाने मांडला. गणितात मुरलेल्या विद्वानांना ही चित्रे बाळबोध वाटली. दोन वस्तू दूर अंतरावरून एकमेकींना ओढतात आणि मधल्या पोकळीत काहीच नसते, हे न्यूटनच्या काळापासून रुजलेले चित्र सोडायला कोणी तयार नव्हते. फॅरडे यांचे प्रयोग सगळ्यांनी स्वीकारले, विचार मात्र बराच काळ उपेक्षित राहिले.

त्यांनी काम थांबवले नाही. १८३३-३४ मध्ये विद्युत विच्छेदनाचे नियम त्यांनी सिद्ध केले. द्रावणातून जितका विद्युतभार जाईल, त्याच प्रमाणात पदार्थ विद्युत अग्रावर जमा होतो. धनाग्र, ऋणाग्र, आयन या संकल्पनांची आज जगभर रूढ असलेली नावे केंब्रिजचे विद्वान विल्यम ह्यूएल यांच्या सल्ल्याने त्यांनी तेव्हाच मुक्रर केली. धातूच्या पिंजऱ्यात बसून बाहेर विजेचा वर्षाव झाला तरी आतल्या माणसाला धक्का बसत नाही, हे १८३६ मध्ये त्यांनी स्वतः पिंजऱ्यात शिरून दाखवले. १८३० च्या सुमारास कारखानदारांना सल्ला देण्याच्या कामातून त्यांना वर्षाला सुमारे एक हजार पौंड मिळत होते आणि ते कितीतरी पटींनी वाढवता आले असते. संशोधनाला वेळ मिळावा म्हणून त्यांनी त्यातले बहुतेक उत्पन्न सोडून दिले. १८३५ मध्ये सरकारी निवृत्तिवेतनाचा विषय निघाला, तेव्हा पंतप्रधान लॉर्ड मेलबर्न यांनी अशा वेतनांविषयी तुच्छतेचे उद्गार काढले. फॅरडे यांनी तत्काळ नकार कळवला. मेलबर्न यांनी दिलगिरी व्यक्त केल्यावरच वर्षाला ३०० पौंडांचे ते वेतन त्यांनी घेतले.

मुलांसाठी नाताळात व्याख्याने देण्याची प्रथा रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ साली सुरू झाली. त्यांतल्या १९ मालिका एकट्या फॅरडे यांनी गुंफल्या. साधी मेणबत्ती समोर ठेवून ज्वलन, हवा, पाणी आणि श्वसन यांचे सारे रसायनशास्त्र ते उलगडून दाखवीत. ती व्याख्याने १८६१ साली पुस्तकरूपाने आली आणि आजही वाचली जातात. फॅरडे आणि त्यांच्या पत्नी सेरा यांना मूलबाळ नव्हते. पण लंडनमधील मुलांच्या कित्येक पिढ्या त्यांच्यासमोर बसून विज्ञान शिकल्या.

अतिश्रमाचा मोबदला शरीराने वसूल केला. १८३९ च्या अखेरीस त्यांची प्रकृती ढासळली. चक्कर येणे, डोके दुखणे आणि सर्वांत भयंकर म्हणजे विस्मरण. कालचा प्रयोग आज आठवेना. ज्याची सारी विद्या डोळ्यांत, हातांत आणि आठवणींत साठलेली, त्याला याहून मोठी शिक्षा कोणती? विश्रांतीसाठी सेरा त्यांना स्वित्झर्लंडला घेऊन गेल्या. पुढेही स्मृती दगा देत राहिली. त्यावर त्यांचा आधार होता तो प्रयोगवहीचा. प्रत्येक नोंदीला क्रमांक देण्याची शिस्त त्यांनी आधीच लावून घेतली होती. अखेरपर्यंत या क्रमांकांनी सोळा हजारांचा आकडा ओलांडला. त्यांत यशापेक्षा अपयशाच्या नोंदी कमी नाहीत.

अशा अवस्थेत, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, त्यांनी आयुष्यातला सर्वांत धाडसी प्रश्न विचारला. वीज आणि चुंबकत्व एकमेकांत गुंतले आहेत, तर प्रकाशही त्यांत गुंतलेला असेल काय? दिव्याचा किरण ध्रुवित करून, म्हणजे त्याची कंपने एकाच प्रतलात आणून, त्यांनी तो अनेक पदार्थांतून पाठवला आणि शेजारी शक्तिमान विद्युतचुंबक ठेवला. काहीच फरक दिसेना. मग पंधराएक वर्षांपूर्वीच्या फसलेल्या कामातला तो जड काचेचा तुकडा त्यांनी बाहेर काढला. १३ सप्टेंबर १८४५. पाहण्याच्या भिंगापाशी ध्रुवक असा फिरवून ठेवला होता की किरण पूर्ण अडावा आणि अंधार दिसावा. चुंबकाचा प्रवाह सुरू करताच त्या अंधारात ज्योत दिसू लागली. बंद करताच लोपली. चुंबकबलाने काचेतून जाणाऱ्या प्रकाशाचे कंपनप्रतल फिरवले होते. जी काच दुर्बिणीसाठी निरुपयोगी ठरली होती, तिनेच प्रकाश आणि चुंबकत्व यांचे नाते उघड केले. त्याच वर्षी, लोखंड सोडाच, काच आणि बिस्मथसारखे पदार्थही प्रबळ चुंबकाला सूक्ष्म प्रतिसाद देतात, असे त्यांना आढळले. १८४६ च्या एका व्याख्यानात प्रकाश म्हणजे बलरेषांची कंपनेच असावीत, अशी कल्पना त्यांनी बोलून दाखवली. श्रोत्यांना ती भरारी वाटली.

या कल्पनेला भाषा दिली ती जेम्स क्लार्क मॅक्सवेल या तरुण स्कॉटिश गणितज्ञाने. १८५५ पासून त्याने फॅरडे यांच्या बलरेषा समीकरणांत उतरवायला सुरुवात केली. आपल्या चित्रांना एवढा गणिती भार पेलवतो हे पाहून वृद्ध फॅरडे आधी धास्तावले, मग आनंदले. गणितज्ञांनी आपले निष्कर्ष साध्या शब्दांतही सांगितले तर आमच्यासारख्यांना त्यावर प्रयोग करता येतील, अशा अर्थाची विनंती त्यांनी मॅक्सवेलला पत्रातून केली. विद्युतचुंबकीय तरंगांचा वेग प्रकाशाच्या वेगाइतका निघतो, असे मॅक्सवेलने १८६० च्या दशकात दाखवले. १८८७-८८ मध्ये हर्ट्झने ते तरंग प्रत्यक्ष निर्माण केले. कोलकात्याच्या जगदीशचंद्र बोस यांनी त्याहून कितीतरी आखूड तरंगांवर काम केले आणि जानेवारी १८९७ मध्ये त्याची प्रात्यक्षिके दाखवली ती रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या शुक्रवारच्या सभेत. ही सभाही फॅरडे यांनीच रुजवलेली.

रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद फॅरडे यांनी दोनदा नाकारले; सरदारकीही नको म्हटले. १८५८ मध्ये राणी व्हिक्टोरियाने हॅम्प्टन कोर्ट येथे राहायला दिलेले घर मात्र त्यांनी स्वीकारले. १८६२ मध्ये, स्मृती जवळजवळ विझत असताना, चुंबकाने ज्योतीच्या वर्णपटातील रेषा बदलतात का, हे त्यांनी तपासून पाहिले. काही दिसले नाही. उपकरणे तेवढी सूक्ष्म नव्हती. १८९६ मध्ये हॉलंडच्या झेमान यांनी तो परिणाम शोधून काढला आणि १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. प्रश्न बरोबर होता, साधने कमी पडली होती. २५ ऑगस्ट १८६७ रोजी फॅरडे यांनी आपल्या आरामखुर्चीत शांतपणे देह ठेवला. लंडनच्या हायगेट दफनभूमीत त्यांची साधी समाधी आहे.

त्यांच्या शोधाची फळे आपल्याकडे पोचायला वेळ लागला नाही. १९१५ साली खोपोलीच्या जलविद्युत केंद्रात घाटावरून कोसळणाऱ्या पाण्याने जनित्रे फिरू लागली आणि ती वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळाली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी विजेवरची पहिली गाडी धावली. या दोन्हींच्या मुळाशी वेटोळ्यात सरकवलेला तो पट्टीचुंबक आहे.

म्हणूनच विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचे प्रकरण विद्यार्थ्यांनी केवळ उत्तरे पाठ करून संपवू नये, असे वाटते. या प्रयोगाला लागते काय? आवरणाची तांब्याची तार, पुठ्ठ्याची नळी, एक चांगला पट्टीचुंबक आणि शाळेच्या कपाटातला गॅल्व्हानोमीटर. नळीवर आधी पन्नास वेढे घ्यावेत, मग शंभर. चुंबक सावकाश सरकवावा, मग झटक्याने. ध्रुव उलटा करून पाहावा. काटा केव्हा, किती आणि कोणीकडे हलतो, हे वहीत टिपावे. हलला नाही तर तेही टिपावे. एवढे केले की नियम पाठ करण्याची गरज उरत नाही. तो काट्याच्या हालचालीत समोर दिसतो. १८३१ च्या ऑक्टोबरात फॅरडे यांनी तो नेमका असाच पाहिला होता.